रोजा, शुगर आणि तिसरीच्या वर्गातलं टेबल

शाबान महिना निम्मा सरला की मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यात रमजानची चाहूल लागते. घरांना रंग लागतो, पडदे धुवून निघतात, मशिदीचा हौद रिकामा करून घासला जातो. किराणा दुकानांत खजुराची खोकी येऊन पडतात. बायका मसाले कांडून, डाळी निवडून, शेवया वाळवून ठेवतात. महिनाभर घर कसं चालवायचं याचा बारीक हिशेब प्रत्येक घरात मांडला जातो. त्या हिशेबातला एक रकाना मात्र बहुतेक वेळा कोरा राहतो. जे शरीर रोज तेरा तास अन्नपाण्यावाचून राहणार आहे, ते त्यासाठी तयार आहे का, हे कुणी विचारत नाही.

हे विचारता यावं म्हणून गेली तीन वर्षं आम्ही शाबानमधल्या एका रविवारी उर्दू शाळेत आरोग्य शिबिर भरवतो. आम्ही म्हणजे मोहल्ल्यातली दहा-बारा तरुण मुलं-मुली, एक औषध दुकानदार, दोन नर्स आणि आपला रविवार देणारे तीन-चार डॉक्टर. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध एवढाच की घरात अब्बांची शुगर वीस वर्षं सांभाळली. तेवढ्या भांडवलावर मला शुगरच्या टेबलावर बसवण्यात आलं आणि मी तिथलीच झाले.

बाहेरगावच्या वाचकांना वाटेल, मिरजेत शिबिर कशाला? मिरज तर डॉक्टरांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं इथे उपचाराला येत आली आहेत. आजही गावात एका दवाखान्याची पाटी संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते. प्रश्न बरोबर आहे. पण दवाखाना जवळ असणं वेगळं आणि तिथे आपल्यासाठी जाणं वेगळं. आमच्या बायका दवाखान्यात खूप जातात. सासऱ्याला घेऊन, नवऱ्याचा डबा घेऊन, नातवाला कडेवर घेऊन जातात. स्वतःच्या नावाचा केसपेपर काढायची वेळ आली की ‘मला काय झालंय?’ म्हणून परत फिरतात. म्हणून शिबिर त्यांच्या दारात न्यायचं. शाळा ओळखीची, शेजारीण सोबतीला आणि पैसे लागत नाहीत, तेव्हा ‘चल, बघून तरी येऊ’ एवढं कारण घरातून निघायला पुरतं.

शिबिराची रचना साधी असते. फाटकाशी नोंदणी. पहिलीच्या वर्गात वजन-उंची, दुसरीच्या वर्गात बीपी, तिसरीच्या वर्गात शुगर आणि चौथीत डॉक्टर. बाक लहान मुलांचे, त्यामुळे साठ-सत्तरीची माणसं गुडघे आवळून बसतात आणि भिंतीवरचे पाढे वाचत आपल्या नंबराची वाट बघतात. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी याच शाळेत तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या असतात. ‘मी ह्याच बाकावर बसायचे’ असं निदान दोघी-तिघी तरी सांगतात, आणि मग शाळा का सुटली तेही सांगतात.

नर्स बोट टोचते आणि मी आकडा लिहून घेते, मग माणसाशी बोलते. टोचण्याच्या कामातही शिकण्यासारखं बरंच आहे. बोटाच्या टोकाला मधोमध टोचलं तर जास्त दुखतं, म्हणून कडेला टोचायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा पट्टीवर घ्यायचा. हात साबणाने धुतलेले हवेत, कारण नातवाला बिस्किट भरवून आलेल्या आजीच्या बोटावरची साखरसुद्धा मशीन मोजून मोकळं होतं. प्रत्येकाला नवी सुई, आणि वापरलेली सुई लगेच जाड पांढऱ्या डब्यात. पाच-दहा सेकंदांत पडद्यावर आकडा येतो.

मिरज सतारीचंही गाव. यंदा सतारमेकर घराण्यातले एक चाचा आले होते. चाळीस वर्षं लाकूड तासून आणि तारा ओढून त्यांच्या बोटांची कातडी अशी घट्ट झाली होती की दोन बोटं टोचूनही थेंब बाहेर येईना. ‘सिस्टर, हमारे हाथ में खून नै, पॉलिश भरेला है,’ म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. शेवटी करंगळीने दाद दिली. आकडा आला १४८, जेवणानंतरचा. चाचा खूश होऊन बीपीची चिठ्ठी खिशात कोंबत निघून गेले.

सगळ्यांचं असं होत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा दिवसातल्या कुठल्याही वेळी २०० किंवा त्याहून जास्त आकडा दिसला की मधुमेहाची शंका घ्यायची आणि प्रयोगशाळेत पुन्हा रक्त तपासायला पाठवायचं. शिबिरातल्या मशीनवर विसंबून ‘तुम्हाला शुगर आहे’ असं कुणाला सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या तिसरीच्या वर्गात हे आकडे माणसांच्या रूपात समोर येऊन बसतात.

रमजानच्या तोंडावर शिबिर असल्यामुळे आमच्या टेबलावर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: ‘रोजे धरता का?’ आणि बोट पुसत पुसत आलेलं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: ‘म्हणजे काय!’

यंदा दुपारी बाराच्या सुमारास एक खाला आल्या. वय साठीच्या पुढे. सोबत सून आणि सुनेच्या कडेवर तीन वर्षांचा नातू. नातवाचं वजन करायला म्हणून आल्या होत्या, सुनेने हाताला धरून आमच्यासमोर बसवलं. आकडा आला ३१२.

खाला दचकल्या नाहीत. शुगर आठ वर्षांपासून आहे, हे त्यांना ठाऊक होतं. बटव्यातून त्यांनी गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. काही गोळ्या अर्ध्या मोडलेल्या होत्या. ‘पूरी खाए तो चक्कर आते,’ म्हणाल्या. मी रोज्यांचं विचारलं. ‘सब रखती. पचास साल हुए, एक नै छोडी. औरतों के दिनों के जो छूटे, वो सर्दी में गिन-गिन के पूरे करी.’ हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता, तो मला परका नव्हता. माझी अम्मीही तशीच मोजून ठेवायची, कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने रेघा ओढून.

चौथीच्या वर्गात डॉक्टरांनी खालांना बसवून घेतलं आणि मागच्या रमजानमध्ये काही त्रास झाला होता का, असं विचारलं. खाला ‘नै’ म्हणाल्या. सून म्हणाली, ‘पडल्या होत्या ना!’ मग हळूहळू बाहेर आलं. एकविसावा रोजा होता. असरच्या नमाजनंतर भजी तळायला उभ्या राहिल्या, हात कापायला लागले, घामाने कपडे भिजले, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ओट्याशी खाली बसल्या. घरच्यांना वाटलं, गरमीने झालं. मगरिबच्या अजानपर्यंत त्यांनी घोटभर पाणीही घेतलं नाही.

डॉक्टरांनी पट्टी उलटी करून गोळीचं नाव वाचलं. तिच्यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. मेटफॉर्मिनने एकट्याने शुगर फार खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो की नसो. सेहरीला ही गोळी पूर्ण घेतली आणि दिवसभर पोट रिकामं राहिलं, तर दुपार उलटल्यावर शुगर घसरत जाते. हात थरथरणं, घाम, धडधड, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. तेव्हा लगेच साखर-पाणी घेतलं नाही तर शुद्ध हरपू शकते, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, इफ्तारला तीन-चार खजूर, रूह अफजाचा पेला, भजी आणि वर फालुदा पोटात गेला की हीच शुगर तासाभरात आकाशाला भिडते. पन्नास वर्षांत एकही रोजा न सोडलेल्या खाला गेली काही वर्षं रोज संध्याकाळी या दोन टोकांच्या मधून चालत होत्या, आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

डॉक्टर स्पष्ट बोलले. मूत्रपिंडाची आणि तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी करून घ्या, औषध बदलून घेऊ, आणि या वर्षी रोजे धरू नका. शुगर ताळ्यावर आली की पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू.

डॉक्टरांच्या शेजारच्या बाकावर आमच्या मशिदीचे मौलाना बसले होते. पहिल्या वर्षी ते नव्हते. तेव्हा लोक डॉक्टरांचं मान खाली घालून ऐकायचे आणि फाटकाबाहेर पडल्यावर ‘डॉक्टर को क्या मालूम’ म्हणायचे. म्हणून दुसऱ्या वर्षापासून मौलानांना दिवसभरासाठी बोलावलं. त्यांनी आनंदाने मान्य केलं. डॉक्टर आणि मौलाना एकाच बाकावर बसलेले दिसले की अर्धं काम तिथेच होतं.

मौलानांनी खालांना समजावलं. रोजे ज्या सूरह बकरामध्ये फर्ज केले गेले, तिथेच, १८४ आणि १८५ या आयतींत, आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. बरं झाल्यावर तेवढे रोजे पूर्ण करावेत. ज्याचा आजार बरा होण्यासारखा नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, म्हणजे फिदया द्यावा. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे, ती घेण्यात गुन्हा नाही आणि जीव धोक्यात घालण्यात सवाब नाही. मौलाना शांतपणे, नातेवाइकासारखं बोलत होते.

खालांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मालूम है मौलाना. बचपन से सुनी मैं.’

त्यांना माहीत होतं! गेली तीन वर्षं ‘लोकांमध्ये जागृती नाही’ हे वाक्य मी आमच्या प्रत्येक बैठकीत ऐकत आले. सवलत आहे हे आमच्या मोहल्ल्यात कोणाला माहीत नाही? मदरशात जाणाऱ्या सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक आहे. मग अडतं कुठे?

खाला माझ्याकडे वळल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘घर में सात जन रोजा रहते. मैं अकेली दुपहर को किसके सामने खाऊँ?’

या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं आणि मौलानांकडेही नव्हतं. पुरुष वाचकांना तो प्रश्न कदाचित किरकोळ वाटेल. मुस्लिम बायकांना मात्र तो लगेच कळेल. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, धर्मानेच तो मना केला आहे. तरीही त्या दिवसांत आम्ही कशा जेवतो? स्वयंपाकघराच्या दाराआड, भिंतीकडे तोंड करून, पावलांची चाहूल घेत. सकाळचं उरलेलं चार घास पोटात ढकलायचे, ताट तिथल्या तिथे विसळायचं, ओठ पुसायचे. धाकट्या दिराने ‘भाभी, रोजा है ना?’ विचारलं की मान हलवायची. सेहरीलाही उठायचं, कारण न उठलं तर कारण कळेल. बारा-तेराव्या वर्षी शिकलेली ही लपवाछपवी चाळीस वर्षं चालते. पाळी गेल्यावर बाईला वाटतं, सुटले एकदाची. आता तिसावा रोजाही सगळ्यांबरोबर ताठ मानेने सोडता येईल. खालांच्या वयाच्या बायकांना पुरा महिना लाभतो, तो असा. आणि नेमक्या त्याच वयात शुगर येते आणि कुणीतरी सांगतं, रोजे सोड. तिच्या कानांना ते ‘पुन्हा दाराआड जा’ असं ऐकू येतं.

म्हणून मला वाटतं, सवलत ग्रंथात आहे, फतव्यात आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे, फक्त घराच्या दस्तरखानावर तिला जागा नाही. ती जागा मशीद देऊ शकत नाही आणि दवाखानाही देऊ शकत नाही. ती घरच्यांनीच द्यायची आहे.

खालांच्या बाबतीत ती सुनेने दिली. बराच वेळ ती मुलाला थोपटत उभी होती. मग म्हणाली, ‘अम्मी, मुन्ने को बारा बजे खिलाती ना मैं. तुम्हारा भी उसी टाइम परोसूंगी. दोनों सामने बैठ के खाओ.’ एवढंच बोलली. खाला तिच्याकडे बघत राहिल्या. ‘और तेरा रोजा? तेरे सामने हम खाएंगे?’ सून म्हणाली, ‘मुन्ना रोज मेरे सामनेच खाता.’

त्यानंतर खालांनी मौलानांना फिदयाचा हिशेब विचारला. एका रोज्यामागे पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत. महिन्याचे झाले पन्नास-बावन्न किलो, म्हणजे एक पोतं. ‘मुलगा देईल की,’ सून म्हणाली. खालांनी मान हलवली. रोजे त्यांचे, तर फिदयाही त्यांचाच हवा होता. त्या वाकळी शिवतात. जुन्या लुगड्यांच्या, सुबक टाक्यांच्या वाकळी, मोहल्ल्याबाहेरूनही मागणी असते. त्या पैशातून थोडा थोडा देईन, म्हणाल्या. मौलाना म्हणाले, चालेल, एकदम द्यायची सक्ती नाही. बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे असणं किती महत्त्वाचं, यावर मी वर्गात पुष्कळ बोलले आहे, पण इबादतीशीही त्याचा असा संबंध असतो हे त्या दिवशी लक्षात आलं. ज्या बाईकडे वाकळीचे पैसेही नाहीत, तिला सवलत घेण्यासाठी आधी नवऱ्यापुढे किंवा मुलापुढे हात पसरावा लागतो.

आता दुसरी बाजू. त्याच दिवशी एक रिक्षावाले भाई आले. वय पंचेचाळीस, दोन वेळा इन्शुलिन, आणि आकडा २६०. डॉक्टरांनी रोज्याचा विषय काढताच ते उखडले. ‘डॉक्टर लोग रोजे के पीछेच लगते,’ म्हणाले आणि उठून निघाले. त्यांना थांबवून आणखी चार दाखले देण्यात अर्थ नव्हता. मधुमेह आणि रमजान यांवर २००१ मध्ये १३ देशांतल्या १२,२४३ रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्याला एपिडायर म्हणतात. त्यात टाइप २ मधुमेहाचे ७९ टक्के आणि टाइप १ चे ४३ टक्के रुग्ण रोजे धरत असल्याचं आढळलं. इस्पितळात दाखल करावं लागेल इतकी शुगर उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये टाइप २ च्या रुग्णांत साडेसात पट झालं होतं. धोका खरा आहे आणि रोजा धरणारे तो धरणारच आहेत, या दोन्ही गोष्टी त्या अभ्यासातून एकदम दिसतात. मग जो ऐकणार नाही त्याला हाकलून देण्याऐवजी, धरणारच असशील तर निदान असा धर, हे सांगणं आमचं काम ठरतं.

त्यासाठी आम्ही मराठी आणि उर्दूत एक कार्ड छापलं आहे. त्यावर मोजक्या गोष्टी आहेत. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. गोळी किंवा इन्शुलिनची वेळ आणि मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. रोज्यात बोट टोचून शुगर तपासल्याने रोजा तुटत नाही, तेव्हा दुपारी आणि इफ्तारच्या आधी तपासा. आकडा ७० च्या खाली गेला किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा तिथेच सोडा, मग मगरिबला दहाच मिनिटं उरलेली असोत. घाम आणि थरथर सुरू झाली तर मशीन शोधत बसू नका, आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. सेहरी टाळू नका आणि ती शक्य तितकी उशिरा करा. त्या वेळी चहा-पाव खाण्यापेक्षा ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं खा. इफ्तारला एक-दोन खजूर आणि साधं पाणी, सरबत नको. टाइप १ मधुमेह, बिघडलेलं मूत्रपिंड, अलीकडे शुगर उतरून शुद्ध हरपलेली किंवा गर्भारपणातली शुगर असेल, तर रोजा धरू नका.

यातली तपासणीची ओळ मौलानांनी आग्रहाने ठळक छापायला लावली. कारण ‘खून निकला तो रोजा गया’ ही समजूत पक्की आहे, आणि त्या समजुतीपायी माणसं रमजानभर मशीन कपाटात ठेवतात. रिक्षावाल्या भाईंनी ते कार्ड फाटकापाशी घेतलं, वाचलं आणि रिक्षाच्या काचेमागे खोचलं. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात औषध दुकानदाराने सांगितलं की ते पट्ट्यांची डबी घेऊन गेले.

शिबिर मोहल्ल्यात असलं तरी येतात सगळे. बाजारात भाजी विकणाऱ्या एक मावशी दर वर्षी येतात. त्यांच्या शुगरचं कोडं नवरात्राचं. नऊ दिवस उपास, आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरीचे तांदूळ, गोड चहा. ‘मी तर जेवतच नाही, मग शुगर कशी वाढते?’ असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, हे समजावून सांगितलं. मावशी आणि खाला एकाच बाकावर आपापल्या चिठ्ठ्या घेऊन बसल्या होत्या. मावशींनी विचारलं, ‘तुमच्यात उपास सोडायला कुणाला विचारावं लागतं?’ खाला म्हणाल्या, ‘किसी को नै. और सबको.’ मावशी म्हणाल्या, ‘आमच्यातही तेच.’

संध्याकाळी पट्ट्यांच्या रिकाम्या डब्या मोजल्या, सुयांचा डबा नर्सबाईंकडे दिला, बाक पुन्हा रांगेत लावले. सोमवारी तिसरीची मुलं यायची होती. दिवसभराच्या वहीत किती लोक तपासले, किती जणांना पुढे पाठवलं, एवढीच नोंद होते. किती घरांत त्या रात्री बोलणं झालं, याचा रकाना आमच्या वहीतही नाही.

रमजान अर्धा झाला असताना खालांची सून मला मंडईत भेटली. खालांची तपासणी झाली, औषध बदललं. पहिले दोन-तीन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून जेवल्या. मग नातू त्यांच्या ताटातलं खायला मांडीवर येऊन बसायला लागला, तेव्हा आपोआप वळल्या. मोठ्या मुलाला पहिल्यांदा अवघड वाटलं, तो दुपारी घरी आला की दारातून खाकरून आत यायचा. आता तसाच येतो. सेहरीला सगळ्यांना उठवायचं काम मात्र अजून त्यांचंच आहे, आणि तरावीहही चुकलेली नाही.

ही काही क्रांती नव्हे. एका घरात एक बाई दुपारी बारा वाजता उजेडात बसून जेवते, एवढंच. पण आमच्या मोहल्ल्यात शेकडो घरं आहेत, आणि प्रत्येक घरात गोळ्यांची एखादी पट्टी कुठल्या तरी बटव्यात दडलेली असते. ती पट्टी कोणाची, ती माणसं पूर्ण गोळी घेतात की अर्धी, मागच्या रमजानमध्ये त्यांना नक्की ‘गरमीच’ झाली होती का, हे घरच्यांनी एकदा विचारायला हवं. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी सवलतीवर दोन वाक्यं बोलायला हवीत, आणि तीही रमजान लागल्यावर नको, आधीच. घरातल्या पुरुषांनी दुपारी जेवणाऱ्या बाईकडे बघून कारण विचारू नये, पोरांनाही तेच शिकवावं. आणि जिला आज पाळीमुळे रोजा नाही, तिलाही त्याच दस्तरखानावर बसून जेवता यावं.

शाबानचे शेवटचे पंधरा दिवस हातात असतात. तेवढ्यात एक रक्ततपासणी होते, डॉक्टरांची एक भेट होते, आणि घरात एकदा बसून बोलणंही होऊ शकतं. यातलं शेवटचं फुकट आहे, आणि सगळ्यात कमी तेच होतं.